वाडा पाडण्याआधी यादी करा : वॉनस्टेडचा दाखला

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

खानदेशात एखादी गढी किंवा वाडा जमीनदोस्त झाला, की वाचकांच्या पत्रांत एक वाक्य हमखास येते : इंग्रजांनी आपली जुनी घरे जपली, आपल्याला मात्र कदर नाही. यातला दुसरा भाग खरा धरला तरी पहिला खरा नाही. इंग्लंडच्या ग्रामीण भागातली जमीनदारांची शेकडो थोरली घरे गेल्या दोन शतकांत पाडली गेली. १९७४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने या पाडापाडीवरच मोठे प्रदर्शन भरवले होते. छपराचे शिसे, तुळया, दगड, विटा वेगवेगळ्या करून विकणे हा तिथे रीतसर धंदा होता. फरक असलाच तर तो निराळा आहे. तिथल्या पुष्कळ घरांची पाडण्याआधी यादी झाली आणि ती छापलीही गेली. आपल्याकडे घर जाते आणि त्याच्यासोबत त्याची मापेही जातात. हे पत्र त्या यादीसाठी आहे, आणि दाखला मुद्दाम अशा घराचा घेतला आहे ज्याच्या दोन्ही टोकांना आपल्या मुलखाचा थोडाफार संबंध लागतो.

लंडनच्या ईशान्येला, एसेक्स परगण्यात, एपिंगच्या जंगलाच्या कडेला वॉनस्टेड नावाचे गाव होते. आता ते लंडनच्या पोटात गेले आहे. तिथले वॉनस्टेड हाऊस १७१५ च्या सुमारास उभे राहू लागले आणि १८२५ उजाडेपर्यंत त्याच्या जागी खड्डा उरला होता. म्हणजे उणेपुरे एकशे दहा वर्षांचे आयुष्य. आपल्याकडच्या बऱ्याच मातीच्या गढ्या यापेक्षा जास्त जगल्या आहेत.

ही इस्टेट १६७३ साली जोशाया चाइल्ड या लंडनच्या व्यापाऱ्याने घेतली. १६७४ साली तो ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारी मंडळावर निवडून आला आणि त्याच १६७४ साली कंपनीने आपल्या धरणगावात वखार घातली. सुरतेहून निघालेला रस्ता नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर असा बऱ्हाणपूरला जाई. कापूस आणि कापड याच मुलखातून सुरतेच्या बंदरावर उतरे. धरणगावची वखार पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांच्या फौजेने लुटली, १६७९ साली पुन्हा लुटली. चाइल्ड पुढे १६८१ ते १६८३ आणि १६८६ ते १६८८ या काळात कंपनीचा गव्हर्नर होता.

यावरून वॉनस्टेडचा दगड खानदेशी कापसावर चढला असे कोणी लिहील, तर ते चूक ठरेल. चाइल्डची पहिली कमाई पोर्ट्समथला इंग्लंडच्या आरमाराला सामानसुमान पुरवण्यातली. कंपनीचे समभाग त्याने नंतर घेतले आणि इतके घेतले की तो सर्वांत मोठ्या भागधारकांपैकी एक झाला. त्या नफ्यात सुरतेसोबत बंगाल आणि मद्रास किनाऱ्याचाही वाटा होता. खानदेशाचा हिस्सा काढायचा तर वखारीच्या हिशेबवह्या उघडाव्या लागतील, नुसत्या सनावळीच्या योगायोगावर ते भागणार नाही. दुसरी एक चूक मराठीत वारंवार होते, तीही इथेच सांगून टाकू. औरंगजेबाशी वाकडे घेणारा, सिद्दी याकूतखानाच्या वेढ्यात मुंबई सापडली तेव्हा तिथला गव्हर्नर असलेला आणि १६९० साली मेलेला सर जॉन चाइल्ड, हा जोशायाचा भाऊ नव्हे. आडनाव एक, धोरण एक, कंपनी एक. नाते मात्र नाही. त्या युद्धामागचा लंडनचा आग्रह जोशायाचा, मुंबई-सुरतेची अंमलबजावणी जॉनची.

जोशायाने वॉनस्टेडला नवे घर बांधले नाही. त्याचा पैसा झाडांत आणि तळ्यांत गेला. १६८३ साली जॉन एव्हलिन या इंग्रज रोजनिशीकाराने ती जागा पाहून आपल्या रोजनिशीत नोंद केली : अक्रोडाच्या लागवडीवर आणि मैलोगणती पसरलेल्या माशांच्या तळ्यांवर अफाट खर्च, तोही अशा नापीक जागी, एकाएकी पैसेवाले झालेले लोक अशीच जागा धरतात. शेरा कुजका आहे. पण घर गेले आणि तळी राहिली, हे लक्षात घेतले तर जोशायाचा पैसा मुलाच्या पैशापेक्षा जास्त टिकला असे म्हणावे लागते.

जोशाया १६९९ साली वारला. थोरला मुलगा १७०४ साली गेला आणि इस्टेट धाकट्या रिचर्डकडे आली. कागद शोधणाऱ्याने इथे सावध राहावे. हा एकच माणूस आधी सर रिचर्ड चाइल्ड, १७१८ पासून व्हायकाउंट कॅसलमेन आणि १७३१ पासून अर्ल टिल्नी म्हणून कागदांत येतो. टिल्नी हे नाव बायकोच्या आजोळच्या इस्टेटीबरोबर आले. तीन नावे तीन मालक समजून वंशावळ लावली, की पुढचा सगळा हिशेब चुकतो. आपल्याकडे वतनाच्या कागदात देशमुख, मूळ गावावरून पडलेले आडनाव आणि दत्तकाचे नाव यांचा जो घोळ होतो, तोच हा.

रिचर्डने जुना वाडा पाडून नवे घर कॉलिन कॅम्पबेल या वास्तुकाराकडून बांधून घेतले. दर्शनी लांबी २६० फूट, मधोमध सहा खांबांची देवडी, खांब कोरिंथियन घाटाचे, बाहेरून पोर्टलंडचा पांढरट दगड. मुख्य दालने तळमजल्यावर नसून वरच्या मजल्यावर, आणि देवडीपर्यंत बाहेरूनच पायऱ्या. इटलीतल्या पॅलाडिओ या वास्तुकाराच्या धर्तीवर इंग्लंडात जी घरे पुढे पन्नास-साठ वर्षे बांधली गेली, त्यांतले हे पहिल्या काही मोठ्या घरांपैकी एक, आणि पुढच्या अनेकांनी याचा नमुना गिरवला. आतली सजावट विल्यम केंटची. हॉगार्थ या चित्रकाराने १७२८ ते १७३१ च्या दरम्यान याच घरात जमलेल्या मंडळींचे चित्र रंगवले. ते चित्र आता अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात आहे. घराच्या आतली शोभा डोळ्यांनी पाहायची तर आज आधार मुख्यतः त्याचाच.

कॅम्पबेलने स्वतःच्या छापील नकाशासंग्रहात या घराचे एकाहून अधिक आराखडे दिले. एकात माथ्यावर घुमटी आहे, दुसऱ्यात दोन टोकांना मनोरे आहेत. प्रत्यक्ष घराला घुमटीही नव्हती आणि मनोरेही नव्हते. छापील नकाशा पाहून घराचे वर्णन करणारे आजही इथे फसतात. मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम यांत किती अंतर असते, हे जळगाव-धुळ्याच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. म्हणून उभ्या घरावर पट्टी लावून घेतलेले माप हाच खरा पुरावा.

रिचर्ड १७५० साली गेला. मुलगा जॉन, दुसरा अर्ल टिल्नी, लग्न न करता १७८४ साली नेपल्सला वारला. त्याच्या काळात तळ्याकाठी शिंपल्या-स्फटिकांची गुहा बांधली गेली, ती १८८४ साली जळाली. तिचे दर्शनी पडके बांधकाम आजही उभे आहे. मग इस्टेट बहिणीच्या मुलाकडे, सर जेम्स टिल्नी-लाँगकडे. तो १७९४ साली गेला तेव्हा वारस तान्हे मूल. ते मूल १८०५ साली वारले आणि सगळे त्याची बहीण कॅथरीन हिच्याकडे आले. देशातली सर्वांत श्रीमंत बिनलग्नाची मुलगी म्हणून तिचा बोभाटा झाला. पुढे चौथा विल्यम म्हणून गादीवर बसलेला राजपुत्रही मागणी घालून बसला होता.

तिने निवडले विल्यम वेलस्ली-पोलला. १४ मार्च १८१२ रोजी लग्न झाले आणि नवऱ्याने बायकोची आडनावे आपल्या आडनावात ओवून पोल-टिल्नी-लाँग-वेलस्ली असे लांबलचक नाव धारण केले. हा वेलिंग्टनचा सख्खा पुतण्या. वेलिंग्टन म्हणजे तोच आर्थर वेलस्ली, ज्याने २३ सप्टेंबर १८०३ रोजी अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई जिंकली आणि ज्याच्या हाताखालच्या स्टीव्हन्सनने महिन्याभरात बऱ्हाणपूर आणि अशीरगड घेतला. खानदेशाच्या उंबऱ्यावर नाव कमावलेल्या घराण्याचा हा पोरगा दहा वर्षांत बायकोची मिळकत धुऊन बसला.

कसे, ते नीट पाहण्यासारखे आहे. लग्नाच्या करारनाम्याने जमीन विश्वस्तांमार्फत पुढच्या पिढीसाठी बांधलेली होती. नवऱ्याचा हक्क हयातीपुरत्या उत्पन्नाचा. मूळ जमीन फुंकून टाकायची सोय नव्हती. पण कर्ज घरावर आणि घरातल्या सामानावर चढलेले होते. सावकारांनी घेरल्यावर १८२२ साली विल्यम देश सोडून पळाला. जमीन विकता येत नाही म्हटल्यावर जे सुटे करून नेता येते त्यावर हातोडा पडला. १० जून १८२२ पासून जॉर्ज रॉबिन्स याने जागेवरच लिलाव पुकारला, तो ३२ दिवस चालला आणि सुमारे ४१,००० पौंड आले. कर्जापुढे ते काहीच नव्हते. पुढच्या वर्षी खुद्द घराचा माल लिलावात निघाला आणि दगड-विटा-शिशासह सारे घर १०,००० पौंडांना गेले. घेणाऱ्याने ते उतरवून न्यायचे, हाच सौदा. भिंती भक्कम होत्या, छत गळत नव्हते. घर पडले ते कागदाने.

कॅथरीन सप्टेंबर १८२५ मध्ये पस्तिसाव्या वर्षी वारली. मुलांचा ताबा बापाला द्यावा की नाही यावर चॅन्सरी कोर्टात दावा चालला. १८२७ साली न्यायाधीश लॉर्ड एल्डनने बापाला नाकारले आणि तो निकाल इंग्रजी कौटुंबिक कायद्यात आजही उल्लेखला जातो. विल्यम शेवटी अर्ल ऑफ मॉर्निंग्टन झाला, पण १८५७ साली मेला तो लंडनमधल्या भाड्याच्या खोलीत. वाड्याभोवतालच्या बागेतली १८४ एकर जागा लंडन शहराच्या कॉर्पोरेशनने १८८० साली घेतली आणि १८८२ साली वॉनस्टेड पार्क म्हणून लोकांना खुली केली. वाड्याची जागा गोल्फच्या मैदानात आहे, जुने तबेले त्या क्लबचे घर झाले आहेत. फाटकाचे दोन दगडी खांब रस्त्याकडेला उभे आहेत आणि त्यांवर रिचर्ड चाइल्डची आद्याक्षरे अजून वाचता येतात. तळ्यांत पाणी टिकत नाही, ही तिथली जुनी रड आहे.

आता मूळ मुद्दा. लिलावाची ती यादी छापलेली आहे. कोणत्या दिवशी, कितवा नग, काय वस्तू, हे क्रमाने दिलेले आहे. म्हणून जगात कुठेतरी एखादी खुर्ची किंवा पुतळा वॉनस्टेडचा म्हणून विकायला आला तर तपासून पाहता येते. लंडनच्या उत्तरेला हेंडन हॉलच्या दर्शनी खांबांबद्दल ते वॉनस्टेडचे असल्याची जुनी वदंता आहे. वस्तूंना यादीचा आधार आहे, खांबांना तो नाही, म्हणून त्यांच्याबाबतीत वदंतेवर थांबावे लागते. सावकाराच्या पैशासाठी केलेली यादी, पण तिने घराचा आतला संसार वाचवला. आपल्याकडे सावकार येत नाही, भंगारवाला आणि जुन्या लाकडाचा व्यापारी येतो, आणि तो तुळया घनफुटावर मोजतो. चौकटी, नक्षीचे हस्त (तुळईखालचे लाकडी आधार), दिंडी दरवाजा हॉटेल सजवणाऱ्यांकडे जातात. चार वर्षांनी ती चौकट कुठली, हे सांगणारा कागद नसतो.

खानदेशातली जुनी घरे आधी कशी मोडकळतात, तेही सांगतो, कारण मोजणी करताना कुठे पाहायचे हे त्यावरून कळते. बहुतेक घरे धाब्याची. सागाच्या तुळया, त्यांवर कड्या, वर पाट किंवा काटक्या-पाला आणि त्यावर मातीचा थर. पावसाळ्याआधी वर खारी माती टाकायची, कारण ती भिजली की बसते आणि पाणी खाली सोडत नाही. गफलत अशी होते, की दरवर्षी नवा थर पडतो पण जुना कोणी उतरवत नाही. ओझे वाढत जाते, तुळई मधे वाकते, धाब्याचा उतार उलटा होतो आणि पाणी पन्हाळीकडे जायचे सोडून मध्यात साचते. मग भिंतीत गेलेले तुळईचे टोक कुजते. बाहेरून तुळई धडधाकट दिसते, टोक मात्र भुसा झालेले असते. तिथे बोथट स्क्रूड्रायव्हर दाबून पाहावा. अर्धा इंच विनासायास शिरला तर ते टोक गेलेले समजावे. सिमेंटचा गिलावा हे दुसरे दुखणे. मातीच्या भिंतीवर बाहेरून सिमेंट चढवले की आतली ओल बाहेर पडत नाही, जोत्यालगत माती भिजून फुगते आणि गिलाव्यासकट भिंतीचा पापुद्रा सुटतो. लोक म्हणतात माती कच्ची. मातीला श्वास घेऊ दिला नाही, हे कोणी बोलत नाही.

आणि या सगळ्याच्या मागे वाटणी. चौदा वारस, सात शहरांत. वारसनोंद झाली तरी वाटणीपत्र होत नाही. धाब्यावर माती टाकायला माणूस लावायचा तर पैसे कोणी द्यायचे? वॉनस्टेडला एकाच माणसाच्या हातात फार होते, इथे कोणाच्याच हातात पुरेसे नाही. छप्पर मात्र दोन्हीकडे सारखेच गेले.

पाडायचे ठरलेच असेल तर चार माणसे आणि चार दिवस पुरतात. काय करायचे ते नेमके लिहितो.

पहिल्या दिवशी कोणतीही वस्तू हलवू नये. इंग्रजी घर बाहेरच्या माणसाला दाखवण्यासाठी बांधलेले, आपला वाडा आत चौकाकडे तोंड करून बसलेला. म्हणून रस्त्यावरून काढलेले दहा फोटो जवळपास निरुपयोगी. प्रत्येक खोलीत दारातून शिरून डाव्या हाताने फिरत चारही भिंतींचे समोरून, सरळ फोटो घ्यावेत, मग छताचा एक आणि जमिनीचा एक. प्रत्येक फोटोत एक मीटरची काळी-पांढरी पट्टी उभी धरावी. तिरका फोटो सुंदर दिसतो, पण त्यावरून माप निघत नाही.

मापे घेताना नेहमीची चूक म्हणजे खोलीखोलीची लांबी वेगळी घेऊन नंतर बेरीज करणे. प्रत्येक मापात अर्धा इंच इकडेतिकडे झाला तरी सहा खोल्यांत तीन इंच हरवतात, शिवाय भिंतींची जाडी अंदाजे धरली जाते. पट्टीचे शून्य एका कोपऱ्यावर कायम ठेवून सलग मापे वाचावीत : दाराची पहिली कड, दुसरी कड, खांब, कोनाडा, कोपरा. चौक काटकोनात आहे असे कधीही गृहीत धरू नये. दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे नसतील तर नकाशा त्याच वाकडेपणासह काढावा. मातीची भिंत पायाशी जाड आणि वर बारीक असते, म्हणून जाडी जोत्यावर एकदा आणि तुळईखाली एकदा, दारा-खिडकीच्या पोटात मोजावी. उंचीसाठी सबंध घराला एकच पाणसळ रेषा हवी. पारदर्शक नळीत पाणी भरून छातीच्या उंचीवर सगळीकडे खूण करावी आणि तिच्यापासून वर-खाली मोजावे. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर सगळ्या खुणा चुकतात, म्हणून दर वेळी दोन्ही टोके शेजारी धरून पाणी बरोबर येते का पाहावे. नकाशा एकास पन्नास प्रमाणात पुरतो, दारे आणि हस्त एकास दहा.

लाकडाचे तपशील वेगळे. तुळईची रुंदी-उंची, दोन तुळयांतले मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर, खांबाखालचा तळखडा, आणि जोड. जोडाच्या कुसवांवर (दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसणाऱ्या टोकांवर) जुन्या सुतारांनी पटाशीने केलेल्या खुणा असतात : एक रेघ, दोन रेघा, फुली. आपला क्रमांक घालण्याआधी त्या शोधून लिहून घ्याव्यात, कारण घर मुळात कसे जुळवले ते त्या सांगतात. दाराचा अडसर भिंतीतल्या भोकात किती खोल सरकतो, हे माप हटकून राहून जाते आणि भिंत पडल्यावर मिळत नाही.

क्रमांक खडूने किंवा रंगाने घालू नये. पहिल्या पावसात खडू जातो, आणि रंग व्यापारी रंध्याने काढून टाकतो. दोन इंच बाय एक इंचाच्या अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर पंचाने आकडा ठोकावा आणि तो बिल्ला स्टेनलेस स्टीलच्या खिळ्याने अशा बाजूला लावावा जी पुन्हा जोडल्यावर झाकली जाईल. लोखंडी खिळा गंजतो आणि बिल्ला गळून पडतो. क्रमांकात चौक, खण आणि दिशा तिन्ही यावे. नुसते १, २, ३ घातले तर एक बिल्ला हरवला की शेजारच्या नगाचीही शंका येते. तोच क्रमांक नकाशावर, तोच यादीत, तोच फोटोच्या नावात.

उतरवण्याचा क्रम बांधण्याच्या उलटा. आधी धाब्याची माती, मग पाट, कड्या, तुळया, शेवटी खांब. माती एका बाजूने सगळी काढली तर उरलेल्या ओझ्याने चौकट कलते. म्हणून दोन्ही बाजूंनी थोडी थोडी उतरवावी. लाकडी खुंट्या एका टोकाला निमुळत्या असतात. त्या निमुळत्या टोकाकडून ठोकल्या की निघतात. साखळी लावून जेसीबीने ओढले की कुसू मुळातून तुटतो, आणि मग ती तुळई फक्त जळणाची किंवा चिरायची. व्यापाऱ्यालाही यात तोटा आहे, पण त्याला घाई असते. जुने पेव (धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा) किंवा बंद तळघर निघाले तर कोणीही लगेच आत उतरू नये. आत कोंडलेल्या हवेत प्राणवायू नसतो आणि माणूस हाक मारण्याआधी पडतो. झाकण काढून एक दिवस मोकळे ठेवावे आणि माप वरूनच, काठीला पट्टी बांधून घ्यावे.

भिंतीच्या मातीचा नमुनाही ठेवावा, दोन-तीन जागचा, किलोभर. त्यातली थोडी सरळ काचेच्या बाटलीत तिसऱ्या हिश्श्यापर्यंत भरून पाणी आणि चिमूटभर मीठ घालावे, हलवून ठेवून द्यावी. वाळू मिनिटाभरात बसते, गाळ दोन-तीन तासांत, चिकणमाती दिवसभराने. भुसा-तूस वर तरंगते. थर पट्टीने मोजले की शेजारचे उभे घर दुरुस्त करायला कोणती माती कालवायची, ते कळते.

राहता राहिले कागद. माळ्यावर मोडी कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) असतील तर ते सोडून पुन्हा नीट लावायचा मोह टाळावा. कोणता कागद कोणत्या रुमालात कोणाखाली होता, हीच अर्धी माहिती असते. रुमालाला क्रमांक द्यावा, क्रमाने फोटो काढावेत आणि त्याच क्रमाने बांधून ठेवावेत. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर नकोच. डिंक पिवळा पडतो आणि कागद खातो. मोजणीचा नकाशा, यादी आणि फोटो यांच्या तीन प्रती व्हाव्यात : एक घरच्यांकडे, एक ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत मालमत्तेच्या नोंदीसोबत, एक धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थेकडे. गावठाणाच्या ड्रोन मोजणीवर विसंबून राहू नये. ड्रोनला धाब्याची कड दिसते; खाली किती खण, किती खांब, हे त्याला कळत नाही.

एक विनंती आपल्या दैनिकाला. जुन्या घराचा सौदा ठरला, की वकिलामार्फत आपल्याच पानांत जाहीर नोटीस येते. तिच्यात सिटी सर्व्हे नंबर असतो, क्षेत्र असते, चतुःसीमा असतात आणि हरकतीसाठी मुदत असते. घराबद्दल मात्र ‘जुने मातीचे धाब्याचे जीर्ण घर’ एवढेच. त्या घराविषयी छापून राहणारे शब्द बहुधा तेवढेच ठरतात. अशा नोटिसा वेगळ्या शीर्षकाखाली, तालुकावार लावल्या, तर मोजणी करू इच्छिणाऱ्यांना त्या सापडतील. हरकतीची मुदत सात दिवसांची असो की पंधरा, चार दिवसांचे काम त्यात बसते.

आपले,
जुन्या वास्तूंची मोजणी करणारे दोन वाचक,
धरणगाव, जि. जळगाव